गवतावरच्या गाईचं तूप: लेबलावर काय लिहावं, काय टाळावं

इंदुरात हल्ली तुपाच्या बरणीवर ‘ग्रास-फेड’ हे शब्द सर्रास दिसतात. देपालपूर, हातोद, सिमरोल, महू या बाजूंना चार-दहा गाई राखून तूप काढणारी आणि सुदामा नगर, लोकमान्य नगर, वैशाली नगर अशा वस्त्यांमध्ये ओळखीपाळखीतून ते विकणारी मराठी घरं आता बरीच झाली आहेत. शेजारच्या बरणीवर आहे म्हणून आपल्याही बरणीवर हे शब्द छापून घ्यायचा मोह त्यांना होतो. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. विकत घेणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. विकणाऱ्याला काय विचारायचं, ते त्यांना कळेल.

शब्द आला कुठून

‘ग्रास-फेड’ हा दावा मुळात अमेरिकेतल्या बीफच्या पाकिटावरचा. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंश हत्येला बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे तो आला तो थेट दुधातुपावर. पण अमेरिकेत त्याचं काय झालं ते ठाऊक असलेलं बरं, कारण आपल्यापुढचे बहुतेक प्रश्न तिथे आधीच घासून झाले आहेत.

अमेरिकी कृषी खात्याच्या पणन विभागाने २००७ मध्ये एक मानक जाहीर केलं होतं. त्यानुसार दूध सुटल्यापासून जनावराने आयुष्यभर फक्त गवत आणि चाराच खाल्लेला हवा. धान्य आणि धान्याचे उपपदार्थ बंद, आणि गवत वाढण्याच्या हंगामात कुरणावर जाण्याची कायम मोकळीक. वाळलेलं गवत चालेल, दाणे नसलेला पिकाचा अवशेष चालेल, दाणा भरण्याआधी कापलेलं हिरवं धान्यपीक चालेल. हे मानक जानेवारी २०१६ मध्ये त्याच विभागाने मागे घेतलं. आता तिथला मांस तपासणी विभाग प्रत्येक लेबल छापण्याआधी मंजूर करतो आणि त्यासाठी उत्पादकाकडून कागदपत्रं मागतो. जनावर पूर्णपणे गवतावर नसेल तर तेही लिहावं लागतं. त्या विभागाच्या मार्गदर्शिकेतला नमुना साधारण असा: ‘८५ टक्के गवत आणि १५ टक्के मका खाल्लेल्या गाईंपासून’. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आयर्लंडची गोष्ट वेगळी. ‘आयरिश ग्रास फेड बीफ’ या नावाला २०२३ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. तिथे आहारात किमान ९० टक्के गवत आणि वर्षात किमान २२० दिवस चराई अशी अट आहे. बारमाही पाऊस असलेल्या देशाला ती परवडते. माळव्यात २२० दिवस हिरवं कुरण सापडायचं म्हणजे कठीणच.

आणि भारतात? दूध, तूप किंवा मांस यांपैकी कशासाठीही ‘ग्रास-फेड’ची कायदेशीर व्याख्या नाही. म्हणून काहीही छापलं तरी चालतं असं मात्र समजू नका. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनुसार दावा खरा, दिशाभूल न करणारा आणि पुराव्याने सिद्ध होणारा हवा. व्याख्या नाही म्हटल्यावर पुरावा देण्याचा सगळा भार तुमच्यावर येतो. माझ्या मते त्यातून एकच शहाणी वाट निघते. विशेषण सोडा, आणि गाय काय खाते, कधी खाते, तेवढंच लिहा.

आधी गव्हाण बघा

लेबलाचं काम डिझायनरकडे नाही, गोठ्यात सुरू होतं. वर्षभर गाईच्या पुढ्यात काय पडतं याची महिनावार यादी करा. माळव्यात ती बहुतेक अशी निघेल. जूनअखेर पाऊस लागतो आणि जुलै ते ऑक्टोबर चरनोईत (गावच्या चराऊ जमिनीत), बांधावर, पडीक रानात हिरवं गवत असतं. दिवाळीनंतर ते वाळतं. ज्यांच्याकडे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आहे ते थंडीत बरसीम घेतात. मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाला की भुशाचे ढीग लागतात आणि पुढचा पाऊस येईपर्यंत मुख्य खाणं भुसाच. त्याच्या जोडीला सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी खुराक: कपाशीची खली (सरकीची पेंड), सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड), गव्हाचा कोंडा, मक्याचा भरडा.

या यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे ‘चारा’ किंवा ‘खुराक’ असं लिहा. बहुतेक ठिकाणी अडचण नाही. हिरवं गवत, बरसीम, कडबा, गव्हाचा किंवा हरभऱ्याचा भुसा हा चारा. खली, डीओसी, कोंडा, भरडा हा खुराक. घोळ होतो तो मक्याच्या सायलेजमध्ये, म्हणजे हिरवा मका कापून, हवाबंद दाबून मुरवलेल्या चाऱ्यात. बॅगेत भरलेलं हिरवट सायलेज पाहून कुणालाही तो चाराच वाटतो. पण ते सहसा कणीस भरल्यावर, दाणा दुधाळ-पिठाळ झाला की कापतात, म्हणजे त्यात धान्य आलंच. अमेरिकी मानकात ते बसलं नसतं. तुमच्याकडे सायलेज असेल तर ते वेगळं दाखवा, गवतात मिसळू नका.

एक प्रश्न हमखास येतो: भुसा म्हणजे गवत का? दाणा निघून गेलेला असल्यामुळे तो चाऱ्यात धरायला हरकत नाही. पण ग्राहकाच्या डोळ्यांपुढे ‘ग्रास-फेड’ म्हटलं की हिरव्या टेकडीवर चरणारी गाय उभी राहते, मे महिन्यात गोठ्यात उभ्या उभ्या भुसा चघळणारी नाही. हे अंतर लेबलाने मिटवायला हवं.

ओलं वजन, सुकं वजन

सगळ्यात मोठी गफलत इथे होते, आणि बहुतेकदा भोळेपणाने. समजा थंडीत एका गाईला दिवसाला २० किलो हिरवी ज्वारी, ३ किलो भुसा आणि अडीच किलो खुराक जातो. एकूण साडेपंचवीस किलो, त्यात चारा २३ किलो. झाले ९० टक्के! लगेच छापलं.

पण हिरव्या चाऱ्यात बहुतांश पाणी असतं. त्याचा सुका भाग साधारण २० टक्के धरा, भुशाचा आणि खुराकाचा ९० टक्के. मग हिरव्याचे ४ किलो, भुशाचे २.७ आणि खुराकाचे २.२५, मिळून ८.९५ किलो सुका आहार. त्यात चारा ६.७ किलो, म्हणजे ७५ टक्के. गाय तीच, गव्हाण तीच, आणि ९० चे ७५ झाले. पशुआहाराचा हिशोब जाणकार सुक्या वजनावरच करतात, तेव्हा तुम्हीही तोच आकडा धरा. आकडा लेबलावर टाकणार असाल तर ‘सुक्या वजनावर’ हे शब्द त्याच्या शेजारी हवेत.

चराईचं काय? कुरणात गाईने किती खाल्लं ते कुणी तोलू शकत नाही. म्हणून उलटा हिशोब करायचा. दुभत्या गाईला तिच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के सुका आहार लागतो. साडेतीनशे किलोची गाय अडीच टक्क्यांनी ८.७५ किलो खाईल. पावसाळ्यात तिला गोठ्यात १ किलो भुसा आणि दीड किलो खुराक मिळतो असं धरा. खुराकाचा सुका भाग १.३५ किलो. उरलेले ७.४ किलो म्हणजे चराई आणि भुसा, जवळजवळ ८५ टक्के. उन्हाळ्यात त्याच गाईला ५ किलो हिरवं, ५ किलो भुसा आणि साडेतीन किलो खुराक असेल तर चारा ६४ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि त्यातही बहुतेक भुसाच.

म्हणजे एकाच गोठ्याचं श्रावणातलं तूप आणि वैशाखातलं तूप एकाच वाक्याने विकता येत नाही. हे मान्य केलं की लेबल लिहिणं सोपं होतं.

खुराक पूर्ण बंद करावा का, असंही काही जण विचारतात. मालवी किंवा निमाडी गाय, जिचं दूध मुळातच कमी, ती चांगल्या पावसाळ्यात चराईवर निभावून नेईल. पण आठ-दहा लिटर देणाऱ्या गीरला शब्दासाठी उपाशी ठेवू नका. आधी ती स्वतःच्या अंगावरची चरबी झिजवते, मग दूध आटतं आणि पुढची गाभण लांबते. शंका असेल तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन विचारा. लेबलासाठी आहार बदलू नये, आहाराप्रमाणे लेबल लिहावं.

वही

पुरावा म्हणजे फार मोठं काही नाही. एक जाड वही घ्या. रोज एक ओळ: तारीख, गाई किती वाजता सोडल्या, किती वाजता आल्या, गोठ्यात काय दिलं, किती दिलं, दूध किती निघालं. गाईंच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर १२ आकडी नंबर असतो. पहिल्या पानावर सगळ्या गाईंचे नंबर, जात आणि व्यायल्याची तारीख उतरवा. खलीची, डीओसीची बिलं मागच्या खिशात. छावणीच्या मंडीतून पक्कं बिल मागायला लाजू नका. खली घेतली हे लपवण्यापेक्षा किती घेतली हे दाखवणं जास्त उपयोगी पडतं.

त्याच वहीत बॅच लिहा. कुठल्या दिवसांच्या दुधाचं दही, कधी घुसळलं, लोणी कधी कढवलं, किती बरण्या निघाल्या. बॅच नंबर बरणीवर असलाच पाहिजे. तो वहीतल्या पानाशी जुळला की तुमचा दावा उभा राहतो. लोणी साठवून दोन महिन्यांनी एकदम कढवत असाल तर कढवण्याची तारीख आणि दुधाचे महिने वेगळे पडतात, दोन्ही नोंदवा. पावसाळ्यातलं लोणी फ्रीजरमध्ये ठेवून उन्हाळ्यातल्या लोण्यात मिसळलं, तर ते ‘चराईचं तूप’ राहत नाही. ते मिसळलेलं तूप. खायला उत्तम, फक्त लेबल वेगळं.

वाक्य

आता भाषेची एक अडचण. आपल्याला मराठीत लिहावंसं वाटतं, ग्राहकही मराठी. पण नियमाप्रमाणे लेबलावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी. मराठी जास्तीची म्हणून चालते, एकटी चालत नाही. ‘लिपी तर तीच आहे की’ हा युक्तिवाद तपासणीत टिकत नाही. तेव्हा हिंदीत लिहा, आणि हवं तर खाली मराठी.

पावसाळी बॅचसाठी मी असं वाक्य सुचवेन:

‘गाय का घी। दूध: जुलाई से अक्टूबर। इन महीनों में गायें दिन में खुले में चरती हैं। सुबह-शाम थोड़ा भूसा और खली भी दी जाती है।’

आणि उन्हाळी बॅचसाठी:

‘गाय का घी। दूध: अप्रैल से जून। आहार: गेहूँ का भूसा, हरा चारा, खली और चोकर।’

दुसरं वाक्य विक्रीला मारक वाटेल. वाटू दे. पावसाळी बॅचला थोडी जास्त किंमत लावा आणि का ते सांगा. आंब्याचा हंगाम असतो हे ग्राहकाला कळतं, तसा तुपाचाही कळेल. ‘ग्रास-फेड’ हा शब्द वापरायचाच असेल तर अमेरिकी नमुन्यासारखा टक्क्यासकट वापरा, आणि त्या टक्क्याचं पान वहीत असू द्या. नुसता मोठ्या अक्षरांत समोर छापून खाली कुठे खुलासा न देणं, ही मला सरळ फसवणूक वाटते.

ए-२, बिलोना, शंभर टक्के आणि इतर मंडळी

‘ग्रास-फेड’ एकटा येत नाही, बरोबर वरात घेऊन येतो. ए-१ आणि ए-२ हे दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाचे प्रकार. देशी गाईंमध्ये ए-२ चं प्रमाण खूप जास्त, हे खरं. पण तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश, त्यात प्रथिन उरतच नाही. मग तुपावर ए-२ लिहून सांगायचं काय? अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ ला असे दावे काढायला सांगितले आणि पाचच दिवसांनी, २६ तारखेला, अधिक विचारविनिमयासाठी तो आदेश मागे घेतला. त्यामुळे बाजारात ए-२ अजून आहे. मी तरी तुपावर ते छापणार नाही. ‘देशी गाय’ किंवा जात खरी असेल तर ‘गीर गाय’ पुरेसं आहे.

‘बिलोना’ ही पद्धत आहे: दूध विरजून, दही घुसळून, लोणी कढवून. तुम्ही खरंच तसं करत असाल तर जरूर लिहा. सायीवरून किंवा क्रीम सेपरेटरवरून तूप काढत असाल तर नको. त्यातही काही वाईट नाही, पण तो बिलोना नव्हे.

‘१००%’ हा शब्द काढून टाका. मे २०२५ मध्ये प्राधिकरणाने खाद्यपदार्थांच्या लेबलांवर आणि जाहिरातींत तो वापरू नका अशी सूचना दिली आहे. ‘घरगुती’, ‘घर का बना’ हेही २०१८ च्या नियमांत नको असलेल्या शब्दांत येतं. आपल्या लोकांचा जीव नेमका याच शब्दात अडकलेला असतो, पण इलाज नाही. ब्रँडच्या नावातच ‘शुद्ध’ किंवा ‘नैसर्गिक’ असेल आणि त्यामुळे गैरसमज होण्यासारखा असेल, तर हे फक्त ब्रँडचं नाव आहे असा खुलासा किमान ३ मिलिमीटर अक्षरांत द्यावा लागतो.

‘ऑरगॅनिक’ हा वेगळाच रस्ता. त्याला प्रमाणीकरण लागतं, एनपीओपी (त्रयस्थ संस्थेच्या तपासणीचं) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकरी गटाने एकमेकांच्या केलेल्या तपासणीचं), आणि बरणीवर जैविक भारतचा लोगो. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणीकरणातून सवलत आहे, पण मग लोगो वापरता येत नाही. आणि ऑरगॅनिक म्हणजे गवतावरची गाय असं नव्हे. ऑरगॅनिक मका खाऊन गोठ्यात बांधलेली गायही ऑरगॅनिक ठरू शकते.

सांधेदुखी, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांवर गुणकारी असलं काही लिहू नका, व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातीतही नाही.

बाकीचं लेबल

याबद्दल थोडक्यात. अन्न सुरक्षा नोंदणी किंवा लायसन्सशिवाय विक्री नको. १४ आकडी नंबर प्राधिकरणाच्या लोगोसकट छापा. पदार्थाचं नाव, घटक, ‘दूध’ ही ॲलर्जीची सूचना, प्रति १०० ग्रॅम पोषणमूल्य, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, बॅच, तयार केल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, साठवणुकीची सूचना, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन, कमाल किंमत आणि ग्रॅममागे किंवा किलोमागे दर. एक लिटर तूप साधारण ९१० ग्रॅम भरतं. बरणी लिटरची आणि लेबल किलोचं असं होऊ देऊ नका.

चूक महाग पडते. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात चुकीच्या लेबलासाठी ३ लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

प्रयोगशाळेचा कागद

वर्षातून निदान दोनदा, एक पावसाळी आणि एक उन्हाळी, तूप तपासून घ्या. स्निग्धांश किमान ९९.५ टक्के आणि पाणी जास्तीत जास्त अर्धा टक्का असायला हवं. बॉडोइन चाचणी वनस्पती तुपाची भेसळ पकडते, कारण वनस्पतीत तिळाचं तेल घालण्याची सक्ती याच ओळखीसाठी होती. आरएम (रायशर्ट-माइसल) मूल्य दुधातल्या खास, लहान साखळीच्या आम्लांचा अंदाज देतं.

इथे आपल्या मुलखाची एक गंमत आहे. कपाशीची खली भरपूर खाणाऱ्या जनावरांच्या तुपाचं आरएम उतरतं आणि तूप कडक होतं. माळवा-निमाड कपाशीचा पट्टा. जुन्या सरकारी मानकांत अशा पट्ट्यांसाठी वेगळ्या मर्यादा ठेवलेल्या होत्या. म्हणजे गव्हाण प्रयोगशाळेच्या कागदावर थोडीफार उमटतेच. तुमचं आरएम खाली आलं तर घाबरण्याआधी खलीचं पान उघडून पाहा.

पण साध्या चाचणीने गाय चरली की नाही ते कळत नाही. हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनने गाईचं तूप पिवळं होतं, ते पावसाळ्यात जास्त दिसतं. म्हशीच्या तुपात तो रंग येत नाही. तरी पिवळेपणा हा पुरावा नव्हे. तुपात रंग घालायला परवानगी नाही, घालणारे मात्र आहेत. चरणाऱ्या गाईंच्या दुधात ओमेगा-३ आणि सीएलए ही स्निग्धाम्लं वाढतात, हे खरं आहे. म्हणून लगेच ‘ओमेगा-३ युक्त’ छापता येत नाही. पोषणाच्या दाव्याला ठरावीक प्रमाण लागतं आणि ते तुमच्याच बॅचच्या तपासणीत दिसायला हवं.

विकत घेणाऱ्यांनी

तीनच प्रश्न विचारा: हे कुठल्या महिन्यांचं दूध, खुराक काय आणि किती, बॅचची वही बघता येईल का. जो विकणारा ‘खुराक देतच नाही’ म्हणतो आणि बारा महिने भरपूर तूपही देतो, त्याला गाई किती आणि जमीन किती हेही विचारा.

किंमत पडताळायला साधा हिशोब आहे. ४ टक्के स्निग्धांशाच्या दुधातून एक किलो तुपाला कागदावर २५ लिटर दूध लागतं, प्रत्यक्षात थोडं जास्तच. गाईचं दूध ६० रुपये लिटर धरलं तर नुसतं दूधच १५०० रुपयांचं होतं, मजुरी आणि बरणी वेगळी. ताक विकून थोडं निघतं, तरीही सहाशे रुपये किलोचं ‘गीर बिलोना ग्रास-फेड’ ऑनलाइन दिसलं तर हात आखडता घ्या.

लायसन्स नंबर प्राधिकरणाच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. नाव-पत्ता बरणीशी जुळला नाही तर ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर बरणीचा चारी बाजूंनी फोटो काढून तक्रार टाका, किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. बरणी रिकामी झाली तरी लेबल आणि बिल तोवर फेकू नका.